दुसरी खेप

भाच्याच्या मंडळींचा पहिला अल्बम झाला तेव्हा माझा सल्ला घेण्याची बुद्धी कोणालाही झाली नव्हती, आणि तो अल्बम बरा उतरला असे जाणकार सांगतात. या दोन गोष्टींत कार्यकारणभाव असल्याचे माझ्या धाकट्या बहिणीने भर पंगतीत सुचवले असले, तरी दुसऱ्या अल्बमाच्या वेळी हीच मंडळी आपण होऊन माझ्या दारी दरखास्त घेऊन रुजू झाली, ही नोंद मी आरंभीच दप्तरी दाखल करून ठेवतो. त्यांना हवी होती ती माझी रसिकता नसून माझी माडी होती, हा किरकोळ तपशील यथावकाश येईलच.

'मेटल बँड' हे शब्द झाशीच्या सीपरी बाजारात उच्चारले असता ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे लाल डगले, पितळी कर्णे आणि घोडीवर बसलेला घामाघूम नवरदेव उभा राहतो, आणि माणसे किती व दर काय, हा प्रश्न ओघानेच येतो. माझीही समजूत तीच होती. परंतु भाच्याने एके दिवशी माझ्या कानांवर त्याचे ते यंत्र चढवले आणि एका मिनिटात माझ्या ध्यानात आले, की यांच्या मानाने पितळ हा धातू अगदीच मवाळ पक्षाचा आहे. मंडळाचे नाव मी येथे देत नाही, कारण ते इंग्रजीत असून त्यातल्या ऊष्मवर्णांच्या उच्चारात माझी कवळी जागा सोडते.

मंडळी चौघे. भाचा गिटार वाजवतो आणि उरलेल्या वेळी बँकेत नोकरी करतो. गायक शिकवणीच्या वर्गात रसायनशास्त्र शिकवतो व घसा राहावा म्हणून खिशात जेष्ठमध बाळगतो. बेस वाजवणारा स्पर्धापरीक्षांची तयारी करतो, म्हणजे त्याला सवड असते. ड्रम वाजवणारा नळ-फरशांच्या दुकानदाराचा चिरंजीव असून, ज्या टेकडीवर मेजर ध्यानचंदांचा पुतळा उभा आहे तिच्या पायथ्याशी राहत असल्यामुळे, मनगट हे आपल्याला मिळालेले वतनच आहे अशी त्याची श्रद्धा आहे. ध्यानचंदांनी 1928 साली सुवर्णपदक आणले, 1932 साली दुसरे आणले आणि 1936 साली तिसरे आणले. दुसऱ्या खेपेची म्हणून जी धास्ती असते ती त्या महापुरुषाच्या गावीही नसावी. आमच्या गावी मात्र ती मुक्कामाला होती.

माडीवरच्या खोलीत ध्वनिमुद्रण करायचे तर प्रथम भिंतींचा निनाद मारावा लागतो. मोठ्या शहरांतले लोक त्यासाठी स्पंजाचे खास चौकोन आणतात. त्यांचे दर ऐकल्यावर भाच्याने घरातल्या मालाचीच झडती घेण्याची तजवीज केली. झडतीत दोन वस्तू सापडल्या. एक, माझ्या पत्नीने हयातभर शिवलेल्या चौदा गोधड्या. आणि दुसरी, 1981 साली प्रसिद्ध झालेल्या माझ्या लघुनिबंधसंग्रहाचे, सुतळीने बांधलेले, पंचवीस प्रतींचा एक याप्रमाणे सतरा गठ्ठे. आवृत्ती पाचशेची होती. रेल्वेच्या वॅगन वर्कशॉपात हिशेबखात्यावर अडतीस वर्षे काढलेल्या मनुष्याला ही वजाबाकी अवघड नव्हे, परंतु मी ती आजवर केलेली नाही.

गोधड्या भिंतींवर टांगल्या गेल्या आणि गठ्ठे कोपऱ्यांत छतापर्यंत रचले गेले, कारण खर्जातले स्वर खोलीच्या कोपऱ्यांत जाऊन साचतात, असा ध्वनिशास्त्राचा नियम आहे. दोन दिवसांनी भाचा जिना उतरून आला आणि सद्गदित स्वरात म्हणाला, "मामा, तुमच्या पुस्तकानं बेस काय मस्त दबतो!" चव्वेचाळीस वर्षांत माझ्या पुस्तकाला मिळालेला हा पहिला निःसंदिग्ध अनुकूल अभिप्राय. मी त्या संध्याकाळी चहात साखर घालून घेतली. परंतु ड्रमवाल्या चिरंजीवांनी एक गठ्ठा सोडून, एक प्रत उघडून, माझ्या छायाचित्राशी मला ताडून पाहिले आणि निष्पापपणे विचारले, "मामाजी, इसका पार्ट टू कब आएगा?"

हा प्रश्न मला कोणी विचारू नये म्हणून मी काय काय केले आहे! सेवेत होतो तोवर सेवेची सबब होती. निवृत्त झालो तेव्हा डोळ्यांची निघाली. डोळ्यांतला मोतीबिंदू काढल्यावर जी स्पष्ट दृष्टी आली तिने पहिले पुस्तक वाचले आणि दुसऱ्याचे काम बेमुदत तहकूब झाले. पहिल्या पुस्तकात मनुष्याचे आजोळ, पहिला पाऊस, शाळेतले छडीवाले मास्तर, सगळे खर्ची पडते. दुसऱ्याच्या वेळी तिजोरीत उरतात ते फक्त पहिल्यावर आलेले अभिप्राय, आणि माझ्या तिजोरीत तेही नव्हते.

म्हणून या मंडळींची दुसरी खेप कशी होते, ते मी कारकुनी काटेकोरपणे पाहायचे ठरवले आणि भाच्याकडून माहिती घेऊन एक फेरिस्त तयार केली. मुंबईच्या 'डेमॉनिक रेझरेक्शन'चा पहिला अल्बम 2000 साली आला, दुसरा 2005 साली. अंतर पाच वर्षे. (त्यांचे म्होरके साहिल मखिजा फावल्या वेळात पाकक्रिया शिकवतात व त्यात नावाजलेले आहेत, हे कळल्यावर माझ्या बहिणीचा या संगीताविषयीचा ग्रह पुष्कळ निवळला.) मुंबईच्याच 'स्क्राइब'चा पहिला 2008, दुसरा 'मार्क ऑफ तेजा' 2010, अंतर दोन. हा तेजा 'अंदाज अपना अपना' या चित्रपटातला खलनायक, म्हणजे दुसऱ्या खेपेच्या दडपणावर हसण्याची युक्ती त्या मंडळींना साधली होती. 'गटस्लिट'चे 2012 आणि 2017, अंतर पाच. दिल्लीच्या 'ब्लडीवुड'चे 'रक्षक' 2022 आणि 'नू दिल्ली' 2025, अंतर तीन. खाली मी सवयीने शेवटची ओळ आखली आणि तीत स्वतःचे नाव घातले: 1981 आणि रिकामी जागा, अंतर चव्वेचाळीस व चालू. माझे समाधान एवढेच, की याच झाशीत 1858 च्या वेढ्यात सापडलेले वरसईचे विष्णुभट गोडसे यांनीही जन्मात एकच पुस्तक लिहिले, आणि 'माझा प्रवास' छापून आले ते 1907 साली, त्यांच्या पश्चात. तेव्हा माझ्याही बाबतीत निकाल अद्याप लागलेला नाही.

येथे मला एक विषयांतर करावयाचे आहे, आणि घाईतल्या वाचकाने ते खुशाल ओलांडून पुढे जावे. मी मात्र मागे हटणार नाही, कारण हा भाग माझ्या खात्यातला आहे.

या साऱ्या संगीताचे मूळ बर्मिंगहॅम शहरातल्या एका पत्र्याच्या कारखान्यात आहे. 1965 साली टोनी आयोमी नावाचा सतरा वर्षांचा मुलगा तेथे कामाला होता. गिटार वाजवीत देशोदेशी जायचे म्हणून त्याने नोकरी सोडली होती आणि तो त्याचा शेवटचा दिवस होता. दुपारी जेवायला घरी आला असता आता परत जाऊच नये असे त्याच्या मनात आले. परंतु हाती घेतलेले काम पुरे करावे, असे सांगून आईने त्याला परत धाडले. (जगातल्या सर्व आया अशाच. माझीही होती.) एरवी यंत्रावर बसणारा कामगार त्या दिवशी आला नव्हता म्हणून याला बसवले, आणि यंत्राने त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाचे व अनामिकेचे टोक नेले. मुलगा डावरा, म्हणजे तारा दाबण्याचा हात नेमका तोच.

आता सामान्य माणूस हे ऐकून हळहळतो; माझा हात मात्र आपोआप तक्त्याकडे गेला. कामगार नुकसानभरपाईचा 1923 चा आमचा जो अधिनियम, त्याच्या परिशिष्टात मनुष्यदेहाची किंमत अवयववारीने लावून ठेवलेली होती, आणि ते कोष्टक मला संध्येपेक्षा चांगले पाठ आहे. अंगठा गेला तर कमाईच्या शक्तीत तीस टक्के तूट. तर्जनी संपूर्ण गेली तर चौदा. मधले बोट संपूर्ण, बारा. मधल्या बोटाचे एक पेर, सात. हाड न जाता नुसते टोक, चार. अनामिकेचे एक पेर, पाच. नुसते टोक, दोन. तेव्हा आयोमी आमच्या खात्यात असता, तर टोकांच्या हिशेबाने चार व दोन मिळून सहा टक्के, आणि पेरे गेली असे वैद्यकीय दाखल्यात आले तर सात व पाच मिळून बारा टक्के, याहून एक कवडी अधिक त्याला मिळती ना. मंजुरीच्या कागदावर मी सही घेतली असती, आणि पुढल्या प्रकरणाकडे वळलो असतो. तीस-पस्तीस वर्षे मी असे कागद हाताळले. त्या बोटांच्या धन्याला संध्याकाळी घरी गेल्यावर पेटी वाजवण्याची आवड होती की काय, हा रकाना त्या नमुन्यात नव्हता.

आयोमीच्या कारखान्यातला वरिष्ठ मात्र त्याच्या घरी एक तबकडी घेऊन गेला. ती जँगो राइनहार्टची होती. त्या वादकाच्या डाव्या हाताची दोन बोटे आगीत भाजून निकामी झाली होती आणि उरलेल्या दोहोंवर तो सारे वाजवीत असे. ती ऐकून या मुलाने भांडी घासण्याच्या साबणाची प्लास्टिकची बाटली वितळवली, तिच्या टोप्या घडवून तासल्या, वर जुन्या चामड्याच्या डगल्याचा तुकडा चिकटवला आणि त्या बोटांवर चढवून तो पुन्हा वाजवायला बसला. तारा दाबताना दुखे, म्हणून हलक्या तारा लावल्या; पुढे त्या सैलही केल्या; सैल केल्यावर स्वर उतरला, आणि स्वर उतरला तसे संगीत जड झाले. आज आमच्या माडीवर भाचा जो खर्ज काढतो आणि ज्यामुळे खाली फडताळातल्या वाट्या एकमेकींशी बोलू लागतात, तो खर्ज म्हणजे, माझ्या कोष्टकाप्रमाणे, सहा टक्के तूट होय. हे मी भाच्याला समजावून सांगितले तेव्हा तो बराच वेळ स्वतःच्या बोटांकडे पाहत बसला.

त्याच आयोमीच्या 'ब्लॅक सॅबथ'ने पहिला अल्बम एका दिवसात मुद्रित केला, आणि तो 1970 च्या फेब्रुवारीत आला. दुसरा, 'पॅरानॉइड', त्याच सप्टेंबरात. त्यातले शीर्षकगीत हे लांबी कमी पडते म्हणून ऐनवेळी रचलेली भरती होती, आणि नेमके तेच सर्वांत गाजले. मला संपादकांनी नेहमी भरतीसाठीच लेख मागितले असल्यामुळे या वार्तेने माझा जीव सुपाएवढा झाला, आणि भाच्याने, "मामा, आपल्यालाही चार मिनिटं कमी पडतायत, शब्द द्याल का?" असे विचारताच मी ते दैवी संकेत समजून त्याच रात्री 'वज्रनिनाद' नामक कविता लिहून काढली. वृत्त शार्दूलविक्रीडित. चरणात अक्षरे एकोणीस, यती बाराव्यावर.

गायक ज्या आवाजात गातो तो नेहमीच्या स्वरतंतूंतून येत नसून त्यांच्या वर असलेल्या मिथ्या स्वरतंतूंतून येतो, असे त्याने मला रसायनशास्त्राच्या सुबोधतेने समजावले होते. तथापि माझ्या 'घनघटासंक्षोभ' या समासापाशी तो आला आणि पहिल्या 'घ'वरच थांबला, तो तेथून पुढे जाईना. तीनदा प्रयत्न झाले. शेवटी पाण्याचा घोट घेऊन तो अत्यंत अदबीने म्हणाला, "मामाजी, साँस कहाँ लें?" यती बाराव्या अक्षरावर आहे, असे मी त्याला बजावले. मग ड्रमवाल्याने ते एकोणीस लघुगुरू मांडीवर वाजवून पाहिले. यतीच्या पुढची जी सात अक्षरे, दोन त-गण आणि एक गुरू, तेथे त्याचे डोळे एकाएकी लकाकले, आणि "वही, वही, फिर से" असे म्हणत त्याने मला ती एकवीस वेळा म्हणायला लावली. निकाल असा लागला, की शब्द नामंजूर, गण मंजूर. आज त्या चौथ्या गाण्यात जो तुकडा पुनःपुन्हा आदळतो तो शार्दूलविक्रीडिताचा उत्तरार्ध आहे, हे मी पाहुण्यांना सांगतो. पाहुणे तोवर उठलेले असतात.

माझी दुसरी नेमणूक याहून मानाची होती. घर रुळांपासून हाकेच्या अंतरावर असल्यामुळे गाडीचा भोंगा आणि चाकांची घरघर मुद्रणात शिरे. तेव्हा दोन गाड्यांमधली निवांत घटका सांगणे हे काम, रेल्वेचा माणूस म्हणून, माझ्याकडे आले. मी जिन्याच्या वरच्या पायरीवर खुर्ची टाकली, मांडीवर वेळापत्रक उघडले आणि पंजाब मेलपासून पॅसेंजरपर्यंत सर्वांचा आदमास घेऊन, शुभमुहूर्त काढणाऱ्या जोश्याच्या थाटात, "आता बावीस मिनिटे मोकळी" असे फर्मान सोडले. सहाव्या मिनिटाला मालगाडी आली. मालगाडीला छापील वेळापत्रक नसते, हे मला ठाऊक असायला हवे होते. तिचे डबे दुरुस्त झाल्याचे हिशेब लिहिण्यात माझे आयुष्य गेले होते. अठ्ठावन्न डबे गेले. चौघेही हातातले काम थांबवून ते मोजत होते आणि माझ्याकडे पाहत नव्हते.

त्यातून जूनचा महिना. 'मेटॅलिका'ची मंडळी दुसऱ्या अल्बमासाठी 1984 च्या फेब्रुवारीत कोपनहेगनला गेली होती. त्याआधी बोस्टनमध्ये त्यांचा अँप्लिफायर चोरीस गेला आणि त्या दुःखाची छाया एका गीतावर पडली, असे सांगतात. आमच्याकडे चोरी झाली नाही. आमच्याकडे वीज जाई. पारा पंचेचाळिसावर, खोलीची दारे-खिडक्या आवाजासाठी बंद, पंख्याची घरघर मुद्रणात येते म्हणून तोही बंद, चारी भिंतींवर गोधड्या. आणि अशा त्या भट्टीत अर्ध्या तासाच्या मेहनतीनंतर एक तुकडा मनासारखा उतरत आला, की दिवा एकदा लुकलुके आणि सर्व शांत होई. एकदा मी त्यांना म्हणालो, की ज्याअर्थी पहिला अल्बम झालेला आहे त्याअर्थी दुसरा नाही झाला तरी कोणी विचारणार नाही. भाचा काही बोलला नाही. तो माझ्याकडे पाहतच राहिला, आणि मी खाली निघून आलो.

रात्री मंडळी गेल्यावर मी दिवा लावायला वर गेलो आणि प्रथमच त्या गोधड्या नीट पाहिल्या. अंथरुणावरची गोधडी माणूस पाहत नाही. भिंतीवर टांगली की ती वाचावी लागते. माझ्या आईचे लुगडे, बहिणीच्या लग्नातला शालू विटल्यावरचा तुकडा, दिवाणखान्याचे जुने पडदे, आणि दरवाज्याजवळच्या गोधडीला चारी बाजूंनी पत्नीच्या इरकली साडीचा नारळी काठ. मधोमध एक निळसर चौकोन होता. तो माझ्या प्रकाशनसमारंभाच्या सदऱ्याचा. तो सदरा सापडत नाही म्हणून मी एके काळी आठ दिवस घर डोक्यावर घेतले होते, आणि ती काही न बोलता धावदोरा घालीत बसली होती. दर दसऱ्याला सोने देताना ती विचारी, "दुसऱ्याचं कुठवर आलं?" मी काहीतरी सबब सांगे. कोणत्या दसऱ्यापासून तिने विचारणे सोडले, ते मला सांगता येत नाही. अडतीस वर्षांच्या वेतनवाढींच्या तारखा मला पाठ आहेत. तिला जाऊन सहा वर्षे झाली.

पुढे चार दिवसांनी चष्म्याचे घर शोधीत मी माडीवर गेलो तो आत मुद्रण चालू होते. दार लोटले तेव्हा चौथे गाणे संपत आले होते, ते सात अक्षरांचे घण पडत होते, आणि शेवटचा घण पडला त्याच क्षणी, दिवा लुकलुकून, अंधार झाला. मी जिन्यावरच्या सवयीने विचारले, "गेली का?" बॅटरीवर चालणाऱ्या संगणकाने ते टिपून घेतले. ड्रमचा तो तुकडा पुन्हा कधीच तसा आला नाही, म्हणून तो ठेवावा लागला, आणि त्यामागून येणारा माझा प्रश्नही ठेवावा लागला. अल्बमाच्या श्रेयनामावलीत माझी नोंद 'अतिरिक्त आवाज' अशी आहे, लेखक अशी नाही.

अल्बम तयार होऊन मला ऐकवला तेव्हा मंडळी माझ्या तोंडाकडे पाहत होती. माझा आवाज मला फार म्हातारा वाटला. शिवाय कवळी नसल्यामुळे 'गेली'तला 'ल' जिभेवरच राहिला होता, आणि तो प्रश्न विजेविषयी आहे असे त्यात कोठेही ऐकू येत नव्हते. मी म्हणालो, की हे योग्य नाही. मला दुसरी संधी द्या. भाच्याने निरुपायाने यंत्र पुन्हा मांडले. मी कवळी बसवली, धुतलेला सदरा घातला, झाशीचे गंगाधरराव महाराज स्वतः रंगभूमीवर उभे राहत त्याचे स्मरण केले आणि "गेली का?" हा संवाद प्रथम सहजपणे, मग किंचित कारुण्याने, मग पॉझ घेऊन, असा दहा वेळा म्हणून दाखवला. प्रत्येक खेपेनंतर चौघे एकमेकांकडे पाहून मान हलवीत. "अच्छा है मामाजी," गायक म्हणाला, "पर पहलेवाला..."

अकराव्या खेपेला मी तोंड उघडले आणि वीज खरोखरच गेली. कोणी काही बोलले नाही. उठायला म्हणून मी चाचपडत भिंतीपाशी गेलो, तो हाताला नारळी काठ लागला.